काळीपाठीचे टिंब

भगवंत पागधरेला समुद्र लागायचा. एखाद्याला एसटी लागते तसा. नवापूरसारख्या गावात, जिथे ओटीवरून पाणी दिसते आणि पोर होडीच्या कडेला धरून चालायला शिकते, तिथे असे पोर निघावे ही नशिबाने केलेली टवाळीच. त्यातून ते निघाले रामू तांडेलाच्या घरात. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. जाळे कुठे टाकायचे, कधी उचलायचे, घराकडे कधी फिरायचे, सगळे त्याच्या शब्दावर. रामू तांडेलाचा शब्द तारापूरपासून शिरगावपर्यंत मानत.

बाराव्या वर्षी बापाने त्याला पहिल्यांदा बोटीवर नेले. तीनदा नेले. तिसऱ्या खेपेला ओकून ओकून नुसते हिरवे पाणी पडू लागले, डोळे पांढरे झाले, तेव्हा रामू तांडेलाने जाळी न उचलताच बोट वळवली. बोट रिकामी आली. घरी आल्यावर बाप काही बोलला नाही आणि पुन्हा कधी त्याला चल म्हणाला नाही. भगवंतला त्या न बोलण्याचा मार आयुष्यभर लागत राहिला. गावाने मात्र तोंड भरून बोलून घेतले. त्याचे नाव पडले ‘जमिनीवरचा तांडेल’. लग्नाच्या पंगतीत तो बसायला आला की कुणीतरी म्हणायचेच, “सरका रे, तांडेल आले, चिखलात बोट लावतील.”

धाकटा भाऊ वामन बोटीवर गेला आणि बापाचा वारस ठरला. भगवंत सायकल घेऊन बोईसरला गेला. तिथल्या एका रसायनाच्या कारखान्यात त्याला रेकॉर्ड ठेवायच्या खोलीत काम मिळाले. त्या खोलीत त्याने एकतीस वर्षे काढली. कागद कुठे आहे हे विचारले की तो डोळे मिटून सांगायचा, तिसरे कपाट, खालून दुसरा कप्पा. संगणक आले तेव्हा बाकीचे घाबरले, हा शिकला. निवृत्त झाला तेव्हा साहेबांनी जुना संगणक त्यालाच देऊन टाकला.

तो संगणक घरी मांडून त्याने वेबसाइट सुरू केली. नाव ठेवले ‘दर्याची माहिती’. कल्पना साधी होती. मच्छीमाराला लागणारे कागद एका जागी ठेवायचे आणि येईल त्याला उतरवून घेऊ द्यायचे. नावनोंदणी नाही, काही नाही; पडद्यावर बोट टेकवले की फाइल मोबाइलमध्ये. महिन्याचा भरती-ओहोटीचा तक्ता, बोटीच्या परवान्याचा अर्ज, वादळाची सूचना आली तर काय करावे याचे एक पान. प्रत्येक फाइलीखाली ती किती जणांनी उतरवून घेतली त्याचा आकडा दिसायचा. पहिल्या आठवड्यात तक्त्याखाली तीन असा आकडा आला. त्यातला एक तो स्वतः होता आणि एक वामनचा मुलगा. तिसरा कोण, याचा विचार करत तो दिवसभर खुशीत होता. न बघितलेल्या कुणीतरी आपल्या हातून काहीतरी घेतले, आणि ते घेताना तो हसला नव्हता.

खडकांच्या फाइलीचे मात्र मनात आले बापाच्या आजारपणात. रामू तांडेलाची नजर पंचवीस वर्षांपूर्वीच गेली होती, समुद्रही तेव्हाच सुटला होता. आता तो अंथरुणाला खिळला. पण पाण्याखालचा एकूण एक खडक त्याच्या डोक्यात जागच्या जागी होता. जुने लोक खडक ओळखत ते किनाऱ्यावरच्या खुणांवरून. बोटीतून किनाऱ्याकडे बघायचे. पुढची एक खूण आणि तिच्या मागची दुसरी खूण एकीवर एक आली की एक रेष मिळाली. दुसऱ्या बाजूला तशीच आणखी जोडी जुळवायची. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खडक. रामू तांडेलाला असे सत्तावीस खडक पाठ होते. नवीन तांडेलांना त्यातले चार-पाचही येत नव्हते. ते मोबाइलच्या नकाशावर बघून बोट हाकत, आणि नकाशात खडक नव्हते. खुणाही एकेक करून जात होत्या. कुठे माड पडला, कुठे पुढ्यात इमारत उभी राहिली.

त्या पावसाळ्यात, बोटी ओढून ठेवलेल्या असताना, भगवंत रोज दुपारी बापाजवळ वही घेऊन बसला. बाप सांगायचा, तो लिहायचा. बापलेकांनी इतके बोलणे त्यापूर्वी सगळ्या आयुष्यात केले नव्हते. एकदा बाप मध्येच थांबून म्हणाला, “तुझं अक्षर कसं हाय ते मी बघितलंच नाय कधी.” भगवंतने वही त्याच्या डोळ्यांजवळ नेली. बापाने पानावरून हात फिरवला आणि बरे आहे म्हणाला.

मग भगवंत मोबाइल घेऊन एकेका खुणेपाशी जाऊन उभा राहिला. ती जागा टिपायची, घरी येऊन संगणकातल्या नकाशावर रेषा मारायची, रेषा छेदतील तिथे टिंब ठेवायचे. सत्तावीस खडकांची सत्तावीस टिंबे. मोबाइलमध्ये ती फाइल घेतली की समुद्राच्या नकाशावर लाल टिंबे दिसत आणि टिंबाजवळ बोट गेली की मोबाइल वाजे. वामनने बंदराजवळचे तीन खडक तपासून पाहिले. तिन्ही बरोबर निघाले. तो म्हणाला, दादा, हंगाम उघडला की एक फेरी मारून बाकीचेही बघून घेऊ, तूही चल. त्यासाठी भगवंतला बोटीत बसावे लागणार होते. बाबांच्या खुणा आहेत, त्यात काय बघायचे, असे म्हणून त्याने विषय मिटवला.

श्रावणात त्याने फाइल वेबसाइटवर ठेवली. ‘रामू तांडेल यांच्या खुणा’ असे नाव दिले. दोन महिन्यांत खालचा आकडा चारशे बारावर गेला. एडवण, शिरगाव, पार वसईकडूनही फोन आले. कार्तिकात रामू तांडेल गेला तेव्हा अनोळखी गावांतले तांडेल मयताला आले होते, आणि त्यातल्या एकाने भगवंतला हात जोडून ‘भगवंत तांडेल’ म्हटले. वयाच्या साठीला ते नाव ‘जमिनीवरचा’ गाळून त्याच्या वाट्याला आले.

बाराव्याला शिरगावहून रंभाबाई आली. रामू तांडेलाची बहीण, ऐंशीच्या घरातली, लग्न होऊन गेली ती माहेरी फारशी आलेली नव्हती. सकाळी तिने फुले घेतली आणि देवीला जाऊन येते म्हणाली. भगवंत सोबत निघाला. समुद्राच्या वाटेवर, डांबरी रस्त्याच्या कडेला, विजेच्या खांबापाशी ती थांबली. चप्पल काढली, वाकली, आणि डांबरावर फुले ठेवली. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“आत्या, देऊळ पुढं हाय,” भगवंत म्हणाला.

“पुढं तुमचं देऊळ. माझी देवी हितं होती. लग्नाची हळद मी तिला हितं लावली.”

“असं बोलू नये, आत्या.”

“काय बोलू नये? हलवलं ते हलवलं.”

तसे बोलू नये असा गावाचा दंडकच होता. बावीस वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा देऊळ वाटेत आले. ते उतरवून उत्तरेला सरकवून नवे बांधले. पण गावदेवी आपली जागा सोडत नाही. सोडली तर गावाची राखण सुटते. म्हणून जाणत्यांनी ठरवले, देऊळ हलले असे कुणी तोंडाने म्हणायचे नाही. ‘देऊळ मोठे केले’ म्हणायचे. एक-दोघींच्या तोंडून निघाले तेव्हा त्यांना देवीपुढे नारळ फोडून क्षमा मागायला लावली. पुढे कुणी म्हणेना, आणि जे कुणी म्हणत नाही ते हळूहळू कुणाला आठवेनासेही होते. भगवंतने त्या बांधकामाला स्वतः वाळूची घमेली वाहिली होती. पण विचारले असते तर त्यानेही शपथेवर सांगितले असते, देऊळ आहे तिथेच आहे. रंभाबाईला मात्र हा दंडक कुणी कळवलाच नव्हता.

भगवंत हसला, आत्याचा हात धरून चालू लागला, आणि चार पावलांवर खिळल्यासारखा उभा राहिला. मग मागे खांबापाशी गेला आणि तिथून देवळापर्यंत पावले मोजली. सोळा. म्हणजे चाळीस फूट.

काळीपाठ नावाचा खडक. किनाऱ्यापासून दोन मैलांवर, मोठ्या लांबट जनावरासारखा पाण्यात बसलेला. एरवी पाण्याखाली, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला तेवढी पाठ बाहेर. बापाने त्याची खूण सांगितली होती : देवीचा कळस आणि गावाबाहेरची मोठी चिंच एका रेषेत धर. पंचवीस वर्षांपूर्वी डोळे गेलेल्या माणसाच्या डोक्यात जुनाच कळस होता. भगवंत जाऊन उभा राहिला तो नव्या कळसाखाली.

अंगणात पाने मांडत होते. तो आतल्या खोलीत गेला, संगणक लावला आणि कळस सोळा पावले मागे घेऊन रेष पुन्हा मारली. जमिनीवर चाळीस फुटांचा फरक होता, पण रेष समुद्रात जाता जाता फाकत गेली आणि दोन मैलांवर ती पाचशे फूट दक्षिणेला पडली. फाइलीतले टिंब मोकळ्या पाण्यात होते. आणि जिथे फाइल मोकळे पाणी दाखवत होती तिथे काळीपाठ होती.

नवापुरात हे उघडकीला येण्याचे कारणच नव्हते. इथली पोरे काळीपाठ पाण्याच्या रंगावरून ओळखतात. ज्यांना ठाऊक होते त्यांना फाइल लागत नव्हती, आणि ज्यांना फाइल लागत होती त्यांना ठाऊक नव्हते.

त्याने जुनी फाइल काढली, नवी ठेवली. वर सूचना लिहायला बसला. ‘आधीच्या फाइलीत काळीपाठ चुकीची दाखवली आहे’ एवढेच लिहायचे होते. बाहेरून आवाज येत होते. कुणीतरी सांगत होते की रामू तांडेल गेला तरी त्याचे डोळे आता चारशे बोटींवर आहेत. भगवंतचा हात थांबला. चूक म्हटली की ती कशी झाली हे सांगावे लागणार. म्हणजे देऊळ हलले हे म्हणावे लागणार, बापाच्या नावाला डाग लागणार, आणि पंगतीत पुन्हा ती चिखलातली बोट येणार. त्याने लिहिले : ‘नव्या हंगामासाठी सुधारित फाइल. कृपया हीच वापरावी.’ ते त्याला पुरेसे वाटले. की तसे वाटून घेतले, हे त्याला पुढे किती विचार करूनही ठरवता आले नाही.

चौथ्या दिवशी नव्या फाइलीखाली आकडा होता नऊ. आठव्या दिवशी चौदा. जुने चारशे बारा गेले कुठे? ते कोण, हे त्याला कळायची सोय नव्हती. नाव-गाव विचारायचे नाही हे त्यानेच ठरवले होते. शिवाय एकाने उतरवलेली फाइल पुढे पंचवीस जणांना गेलेली असणार.

तो बोईसरला एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदार उत्तरेकडचा, तरुण, भगवंतचा ओळखीचा. लोकांनी उतरवून घेतलेली फाइल त्यांच्या मोबाइलमधून मागे ओढून घेता येते का, असे त्याने विचारले. दुकानदार हातातल्या मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, “चाचा, तीर निकल गया, अब कमान को क्या डाँट रहे हो? जिसके पास है, उसी को बोलो कि फेंक दे।”

अकराव्या दिवशी तो एडवणला गेला. वेबसाइट पाहून सर्वांत जास्त फोन तिथूनच आले होते. किनाऱ्यावर एक तांडेल जाळे विणत बसला होता; दर्पण त्याचे नाव, तिशीही न गाठलेला. भगवंतने नाव सांगताच तो उठून उभा राहिला. म्हणाला, काका, तुमची फाइल घेतल्यापासून माझे जाळे एकदाही फाटलेले नाही. त्याच्याबरोबर एक खलाशी होता, अंकुश. विक्रमगडकडच्या डोंगरातला, भात कापून झाले की दरवर्षी बोटीवर कामाला येणारा. त्याने भगवंतला उलटे टोपले बसायला दिले आणि चहा आणला. फाइल म्हणजे काय ते दर्पणने त्याला समजावले तेव्हा तो म्हणाला, “आमच्या गावची पण एक टाका ना, काका. बिबट्या कुठं बसतो ती.” सगळे हसले. भगवंतही हसला.

मग भगवंतने सांगितले की नवी फाइल आली आहे, ती घ्या.

“हाय ना आमच्याकडं,” दर्पण म्हणाला.

“ती जुनी. ही सुधारलेली.”

“जुनी चांगली चालते, काका. घेईन नंतर. हितं नेटवर्क पण नाय.”

भगवंतच्या जिभेवर काळीपाठ आली होती. एक शब्द. समोरचा पोरगा त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होता, तशा नजरेने त्याच्याकडे त्याच्या गावात कुणी कधी पाहिले नव्हते. त्याने चहा संपवला. नक्की घ्या हो, असे दोनदा म्हणाला आणि एसटी धरली. गाडी केळव्याच्या पुढे आली तेव्हा उतरून परत जावे असे त्याला वाटले होते. तो उतरला नाही.

एकोणिसाव्या दिवशी अमावास्या होती. सकाळी मोठी ओहोटी असताना एडवणची एक बोट नवापूरसमोर खडकावर चढली. पाठ अजून पाण्याबाहेर आली नव्हती, हातभर खाली होती. बोट वेगात होती. पुढच्या फळ्या फुटल्या. तिथे दोर आवरत बसलेला खलाशी फेकला गेला तो खडकावरच. वामनच्या बोटीने बाकी चौघांना वर घेतले. खलाशी मिळाला तिसऱ्या दिवशी, शिरगावच्या वाळूत. वामनने घरी येऊन नाव सांगितले, अंकुश. भगवंत पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा होता. त्याने तांब्या तसाच खाली ठेवला, पाणी प्यायचे राहिले ते राहिलेच.

कुणी त्याला काही विचारले नाही. दर्पणचा मोबाइल समुद्रात गेला होता. तो सांगत होता की फाइलप्रमाणे तिथे पाणी मोकळे होते, म्हणजे आपलीच बोट ओढीने सरकली असणार, चूक माझी. रामू तांडेलाच्या खुणेवर संशय घ्यायचे त्याच्या मनातही आले नाही. आता भगवंत गप्प राहिला असता तर हे जन्मभर असेच राहिले असते.

अपघातानंतर चौथ्या दिवशी त्याने वेबसाइटच्या माथ्यावर लाल अक्षरांत सगळे लिहिले. देऊळ सोळा पावले हलले आहे. ते मी विसरलो. टिंब माझे चुकले, वडिलांचे नाही. चूक मला अपघाताच्या आठ दिवस आधी, एडवणच्या किनाऱ्यावर, ठाऊक होती आणि मी सांगितली नाही. त्यामुळे अंकुश नावाचा माणूस मेला. मग तोच मजकूर छापून नवापूर, शिरगाव, एडवण इथल्या मच्छीबाजारांत स्वतः चिकटवला. गावाने त्याला देवीपुढे नारळ फोडायला लावला, त्याने फोडला. दर्पणने घराच्या दारातूनच ऐकून घेतले. एवढेच म्हणाला, “त्या दिवशी तुमी चहा पिऊन गेलात, काका.” आणि दार लोटून घेतले. पंगतीतली जुनी थट्टा मात्र परत आली नाही. भगवंत आला की लोक आता नुसते सरकून बसत.

महिन्याने तो अंकुशच्या घरी गेला. विक्रमगडच्या पुढे जीप सोडून तासभर चढ होता. अंकुशची आई बुधी अंगणात नाचणी वाळवत होती. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. भगवंत जमिनीवर बसला आणि पहिल्यापासून सगळे बोलला. फाइल हे तिला कसे समजवावे ते त्याला कळेना. मग म्हणाला, एक कागद समज, दगड कुठे आहे ते सांगणारा, मी तो चुकीचा लिहिला आणि लोकांना वाटला.

बुधीने नाचणीत बोटे फिरवत विचारले, “तो कागद आता कुठं हाय?”

“लोकांच्या मोबाइलमधी. कुणाकुणाच्या, ते मला माहीत नाय.”

“काढून आणा.”

“येत नाय काढता. गावोगाव सांगत फिरतोय. पुरत नाय.”

ती त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहत म्हणाली, “आमच्या रानात वाटेवर भगदाड पडलं तर तिथं डहाळी उभी करतात. घरोघर सांगत नाय फिरत कुणी. तुमच्या दगडावर डहाळी का नाय उभी केली?”

नवापुरात सगळ्यांना दगड माहीत होता, म्हणून कुणी उभी केली नव्हती. तिने त्याला पाणी दिले नाही आणि जा असेही म्हटले नाही. थोड्या वेळाने तोच उठला.

पुढच्या पौर्णिमेला तो वामनला म्हणाला, मला काळीपाठीवर ने. वामनने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि बोटीत एक रिकामी बादली जास्त ठेवली. बंदर सुटेपर्यंतच भगवंत आडवा झाला. दोन मैलांत त्याच्या पोटात काही उरले नाही. खडकाची पाठ बाहेर आली तसा वामनने त्याला काखेत धरून वर चढवले. शेवाळावर गुडघे टेकून भगवंतने कपारीत बांबू रोवला, दोराने आवळला, घमेल्यात कालवलेले सिमेंट हाताने दाबून भरले. बांबूच्या टोकाला लाल फडके बांधले. तासाभरात पाणी परत चढू लागले. परत येताना तो बोटीच्या तळाशी पडून होता, डोळे बांबूकडे.

बांबू पंधरा दिवस टिकला. पुढच्या उधाणाने तो मोडून नेला. भगवंत पुन्हा गेला. तोही मोडला. पक्का खांब हवा म्हणून मच्छीमार संस्थेने अर्ज केला आहे. त्याला दोन हंगाम झाले. तोवर पावसाळा सोडला तर दर अमावास्या-पौर्णिमेला भगवंत बांबू घेऊन जातो. त्याची ओकारी अजून थांबलेली नाही. वय वाढले तशी ती आणखी खोलवरून येते, आणि आता दोन दिवस तो उठत नाही. वामन एकदा म्हणाला, दादा, बांबू मी लावतो, तू कशाला येतोस? भगवंत बादली घेऊन बोटीत बसला होता. तो सरकला नाही.

वेबसाइट चालू आहे. लाल अक्षरे माथ्यावर आहेत. नव्या फाइलीचा आकडा दोनशे सहा झाला आहे. गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरावरून भगवंतच्याच मोबाइलवर निरोप आला : ‘अत्यंत उपयुक्त. रामू तांडेल यांच्या खुणा. सर्व मच्छीमार बांधवांपर्यंत पोहोचवा.’ खाली फाइल जोडलेली होती. त्याने उघडून पाहिली. काळीपाठीचे टिंब मोकळ्या पाण्यात होते. त्याने ताबडतोब लिहिले की ही फाइल चुकीची आहे, हिच्यामुळे माणूस मेला आहे, तुम्हाला ज्याने पाठवली त्याला कळवा. फोनही केला; उचलला नाही. संध्याकाळी उत्तर आले. शब्द नव्हते, जोडलेल्या दोन हातांचे चित्र होते.

मोबाइल खाली ठेवून भगवंत मागच्या अंगणात गेला. अमावास्येला चार दिवस होते. बांबू ओला होता. तासायला आजच घेतला तर तोवर सुकणार होता.